स्वभावाला औषध नसतं, हे आधी डोक्यातून काढा

मागच्या अंकात एका उत्तरात मी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचा, म्हणजे बीपीडीचा (भावना, नाती आणि स्वतःबद्दलचं मत सारखं टोकाला जातं असा व्यक्तिमत्त्वाचा विकार), जेमतेम दोन ओळींत उल्लेख केला होता आणि त्यावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. पत्रं थोडी छोटी केलीयत आणि कोणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. काही पत्रं वाचताना मला मध्ये थांबावं लागलं, खरंच.

ताई, माझी मुलगी २३ वर्षांची आहे. बारावीपर्यंत हुशार, सगळ्यांची लाडकी, मग कॉलेजला गेल्यापासून सगळं बिघडत गेलं. मैत्रिणीशी जरा बिनसलं की दोन दिवस खोलीचं दार बंद, मग एकदम सगळं छान. दोनदा स्वतःला इजा करून घेतली. आता डॉक्टरांनी फाईलवर बीपीडी लिहिलंय. माझे दीर म्हणतात ही सगळी थेरं आहेत, डोक्यावर चढवून ठेवलीय तुम्ही. सासूबाई म्हणतात स्वभावाला औषध नसतं. मला फक्त एवढंच सांगा, ती बरी होईल का? आणि आमचं काय चुकलं?

ताई, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण तुम्ही त्याच्यासाठीच लिहिलंय. हो, बरं होण्याची शक्यता चांगली आहे, आणि हे मी धीर द्यायला म्हणून म्हणत नाहीये.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात मॅक्लेन नावाचं मानसोपचाराचं हॉस्पिटल आहे. तिथे मेरी झानारिनी या संशोधक बाईंनी १९९२ पासून बीपीडीचे २९० पेशंट निवडले, सगळे हॉस्पिटलात ॲडमिट झालेले, म्हणजे हलक्या केसेस नव्हत्याच, आणि दर दोन वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटत राहिल्या. विचार करा, तीच माणसं, १० वर्षं, १६ वर्षं, २४ वर्षं. तोपर्यंत डॉक्टर मंडळींचाही समज तुमच्या सासूबाईंसारखाच होता, की हा स्वभाव आहे आणि तो असाच राहणार. पण १० वर्षांनंतर दिसलं की ९३ टक्के लोकांची सलग दोन वर्षं तरी अशी गेली होती की निदानाच्या निकषात ते बसतच नव्हते. १६ वर्षांपर्यंत हा आकडा ९९ टक्क्यांवर गेला, आणि सलग आठ वर्षं बरे राहिलेले ७८ टक्के होते. आठ वर्षं बरं राहिलेल्यांपैकी पुन्हा लक्षणं उलटली ती फक्त दहातल्या एकाला.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण अर्धवट सांगितलं तर ते फसवणं होईल. लक्षणं जाणं वेगळं आणि आयुष्य मार्गी लागणं वेगळं. निदान एक जवळचं नातं टिकलंय, नोकरी किंवा शिक्षण नीट चाललंय आणि लक्षणंही नाहीत, असे लोक १० वर्षांत निम्मेच निघाले. गाडी अडते ती बहुतेक वेळा नात्यांपाशी नाही, नोकरीपाशी. म्हणून ज्या आईवडिलांना वाटतं की आधी पूर्ण बरी होऊ दे मग बघू कामाचं, त्यांना मी नेहमी म्हणते की उलटं करा, दोन तासांचं का होईना, काहीतरी काम, क्लास, जबाबदारी सुरू ठेवा. आणि याच २९० पैकी जवळपास ६ टक्के लोक २४ वर्षांत आत्महत्येने गेले, त्यामुळे स्वतःला इजा करणं हे नाटक समजून सोडून द्यायची गोष्ट अजिबात नाही, हे दिरांना माझ्या नावाने सांगा.

अजून एक, लक्षणं एकदम जात नाहीत आणि सगळी एकाच वेगाने पण जात नाहीत. स्वतःला इजा करणं, बेभान होऊन काहीतरी करून बसणं हे लवकर ओसरतं. राग, आतून रिकामं रिकामं वाटणं, कोणीतरी सोडून जाईल ही भीती, हे मात्र हळूहळू. त्यामुळे वर्षभराने मुलगी चिडकीच दिसली तर काहीच फरक पडला नाही असं मानू नका, आधी बघा की मागच्या वर्षी ती चिडल्यावर काय करत होती आणि आता काय करते.

आता दुसरा प्रश्न, तुमचं काय चुकलं. स्वीडनमध्ये २०१९ साली १८ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून एक अभ्यास झाला, जुळी भावंडं, सख्खी, सावत्र, मावस-चुलत असं सगळं धरून. त्यातून आलं की माणसामाणसांत बीपीडीचा जो फरक दिसतो त्यातला ४६ टक्के वाटा अनुवंशाचा आहे. उरलेला वाटा त्या त्या माणसाच्या वाट्याला आलेल्या अनुभवांचा. हा आकडा सगळ्या लोकसंख्येचा आहे, तुमच्या मुलीचे असे दोन तुकडे पाडता येत नाहीत हे लक्षात घ्या. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०२० मध्ये आधीचे कितीतरी अभ्यास एकत्र केले तेव्हा बीपीडीच्या ७१ टक्के लोकांनी लहानपणी निदान एक तरी वाईट अनुभव आल्याचं सांगितलं होतं, मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, भावनिक छळ यातलं काही. म्हणजे बहुतेकांना आलेत, पण सगळ्यांना नाही. तुमच्या घरात असं काही झालं असं मी म्हणत नाहीये, पण बाहेर, शाळेत, नात्यात काही झालंय का हे थेरपिस्टला तिच्याकडून हळूच कळू दे, तुम्ही उलटतपासणी घेऊ नका.

आणि काही वेळा कोणी वाईट वागलेलंच नसतं. मूल जन्मतःच फार हळवं असतं आणि घर साधं, कामात बुडालेलं, ‘रडतेस काय एवढ्यात’ म्हणणारं. आपल्यातली बहुतेक घरं अशीच तर असतात ना. दुसरं मूल त्यातच ठणठणीत वाढतं, या मुलाला मात्र दर वेळी कळतं की मला जे वाटतंय ते चुकीचं आहे. अपराधी वाटून घेऊ नका, पण आता कळलंय तर बोलण्याची पद्धत मात्र बदला, त्याबद्दल खाली एका गृहस्थांच्या उत्तरात लिहिलंय ते तुम्हीही वाचा.

मॅडम, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बॉर्डरलाइन म्हणजे नेमकी कशाची बॉर्डर? आणि हे बायपोलरच असतं का? वॉर्डात दोन्ही शब्द एकाच पेशंटसाठी ऐकलेत.

शब्द जुना आहे आणि माझ्या मते वाईट आहे. १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक ॲडॉल्फ स्टर्न यांनी अशा पेशंटबद्दल लिहिलं जे न्यूरोसिसमध्येही (चिंता, भीती असे त्रास) बसत नव्हते आणि सायकोसिसमध्येही (वास्तवाशी संबंध तुटणं), म्हणून सीमेवरचे. ती सीमा आता कोणी मानत नाही पण नाव चिकटलं ते चिकटलंच. १९७५ मध्ये जॉन गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी लक्षणांची नीट मांडणी केली आणि १९८० मध्ये डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत हे निदान अधिकृतपणे आलं. आज नऊ निकष आहेत आणि पाच भरले की निदान होतं, म्हणजे हिशोब केला तर २५६ वेगवेगळ्या प्रकारांनी एकच निदान मिळू शकतं, त्यामुळे दोन बीपीडी पेशंट एकमेकांसारखे दिसले नाहीत तर गोंधळू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तर व्यक्तिमत्त्व विकाराचे वेगवेगळे प्रकार काढून टाकून त्रास किती तीव्र आहे हे आधी ठरवतात, बॉर्डरलाइन हा त्याला जोडायचा एक पॅटर्न म्हणून ठेवलाय.

बायपोलर वेगळा. त्यात मूड चढला किंवा उतरला की तो कित्येक दिवस, आठवडे तसाच असतो, झोप आणि एनर्जी सगळंच बदलतं, बाहेर काही घडायला लागतंच असं नाही. बीपीडीत एकाच दिवसात तीन ऋतू होतात आणि बहुतेक वेळा मागे कोणाशी तरी झालेलं काहीतरी असतं. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून वॉर्डात ऐकलेलं चूकच असेल असं नाही. आणि एक विनंती, वॉर्डात ‘ती बॉर्डरलाइन आहे, लक्ष वेधून घेतेय’ असं कोणी म्हटलं तर त्यात हो ला हो मिळवू नकोस. लक्ष हवं असणं हा गुन्हा नाहीये.

लग्नाला चार वर्षं झाली. बायकोला बीपीडीचं निदान आहे. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये फोन सायलेंटवर होता, बाहेर आलो तर १७ मिस्ड कॉल आणि शेवटचा मेसेज, मला कळलंय तुला मी नकोय. घरी गेल्यावर समजावलं की असं काही नाही, तर अजून भडकली. सकाळी मी देवमाणूस होतो, संध्याकाळी तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट माणूस. तिचा माझ्यावर विश्वास कधीच का बसत नाही?

तुमच्या शेवटच्या वाक्यावरच एक प्रयोग झालाय, जरा सविस्तर सांगते कारण मला स्वतःला त्याने फार शिकवलं.

२००८ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या ब्रूक्स किंग-कासास आणि सहकाऱ्यांनी हा छापला, सायन्स या नियतकालिकात. दोन माणसं एक खेळ खेळतात, एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्याला दर डावाला २० डॉलर मिळतात, त्यातले हवे तेवढे तो दुसऱ्याला पाठवतो, वाटेत त्याचे तिप्पट होतात, मग दुसरा त्यातले किती परत करायचे ते ठरवतो. असे १० डाव. उदाहरणार्थ पहिल्याने १० पाठवले, दुसऱ्याकडे ३० आले, त्याने १५ परत दिले तर दोघं खूश, पुढच्या डावात पहिला जास्त पाठवतो. दुसऱ्याने फक्त ३ परत दिले तर पहिल्याचा हात आखडतो आणि पुढच्या वेळी तो ४च पाठवतो.

आता हे ४ आल्यावर दुसऱ्याने काय करायचं? निरोगी माणसं इथे एक गोष्ट करतात जी आपण सगळेच रोज करतो, पडतं घेतात. आलेल्या १२ मधले भरपूर परत देतात, म्हणजे न बोलता सांगतात की बाबा चुकलं माझं, ये परत. आणि समोरचा येतोही. प्रयोगात दुसऱ्या जागेवर बीपीडीचे ५५ लोक बसवले होते. त्यांनी हे असं मनवणं निरोगी लोकांच्या निम्म्याहूनही कमी वेळा केलं. परिणाम असा की शेवटच्या डावांपर्यंत समोरच्याचा विश्वास घसरत गेला आणि सावरलाच नाही.

मेंदूच्या स्कॅनमध्ये काय दिसलं ते त्याहून बोलकं आहे. इन्सुला म्हणून मेंदूचा एक भाग आहे, काहीतरी अन्याय्य, खटकणारं घडलं की तो जागा होतो. निरोगी लोकांचा इन्सुला समोरून कमी पैसे आले की पेटायचा, म्हणजे अरे, काहीतरी बिघडलंय. बीपीडीच्या लोकांमध्ये कमी पैसे आल्यावर ही खूणच उमटत नव्हती, स्वतः कमी परत देताना मात्र उमटत होती. यातून संशोधकांनी असा अर्थ लावला की लोक आपल्याशी असंच वागणार हे त्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं, म्हणून कमी मिळालं तर त्यात काही वेगळं घडलंय असं वाटतच नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. तुम्ही मीटिंगमध्ये आहात ही शक्यता तिला सुचली नसेल असं नाही, पण तुम्ही सोडून जाल हे तिच्या मनाने केव्हाच मान्य करून ठेवलंय, न उचललेला फोन हा फक्त पुरावा. आणि बिघडलेलं सांधायचं कसं हे तिला येत नाही. येत नाही म्हणजे शिकता येतं, हेही लक्षात ठेवा.

जर्मनीतल्या एका अभ्यासात बीपीडीच्या लोकांना दोन दिवस हातातल्या छोट्या कॉम्प्युटरवर दर तासाला आपला ताण नोंदवायला सांगितलं होतं. ताण जास्त वेळा आला, जास्त भराभर चढला आणि उतरायला जास्त वेळ लागला, आणि मागची कारणं बघितली तर नाकारलं जाणं, एकटं पडणं, अपयश हीच पुन्हा पुन्हा. दूध उतू गेल्यावर गॅस बंद केला तरी भांडं काही लगेच गार होत नाही, तसं. त्या वेळात तुम्ही ‘असं काही नाही’ म्हणून समजावत होतात. तिला ऐकू काय आलं, तर तुला जे वाटतंय ते खोटं आहे.

पुढच्या वेळी पहिलं वाक्य बदलून बघा. ‘अगं एवढं काय त्यात, मीटिंग होती’ ऐवजी ‘दोन तास माझा काही पत्ताच नव्हता, तू घाबरली असणार’. मग गप्प बसा. मीटिंगचं नंतर सांगा, दहा मिनिटांनी. यात तुम्ही तिच्या आरोपाला हो म्हणत नाही आहात, तिच्या भीतीला हो म्हणताय, हा फरक घरच्यांना समजायला वेळ लागतो, मला स्वतःला शिकवताना पण लागतो. अमेरिकेत कुटुंबीयांसाठी फॅमिली कनेक्शन्स नावाचा १२ आठवड्यांचा कोर्स आहे, त्यात हेच शिकवतात, आणि २००५ च्या अभ्यासात त्याने घरच्यांच्या मनावरचं ओझं आणि दुःख कमी झाल्याचं दिसलं.

आणि भाऊ, तुमचंही एक आहे. मारहाण, वस्तू फेकणं हे सहन करणं म्हणजे समजून घेणं नाही. ‘मी आत्ता बाहेर चक्कर मारून येतो, साडेआठला परत येतोय’ असं वेळ सांगून बाहेर पडा आणि साडेआठला खरंच या. आठ पस्तीसला नाही.

ताई मला स्वतःला बीपीडी आहे, वय २९. पाच गोळ्या चालू आहेत. त्यातली बीपीडीची कोणती? थेरपी महाग आहे आणि आमच्या गावापासून दीड तास लांब. खरं सांगू का, मला वाटतं माझ्यासारखीचं काही होणार नाही.

बीपीडीची अशी एकही गोळी नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २००९ मध्येच सांगितलं की औषधं खास बीपीडीवरचा उपचार म्हणून वापरू नका. मूड स्थिर करायला लॅमोट्रिजिन खूप जणांना देतात, त्याचा २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये २७६ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, अर्ध्यांना खरी गोळी अर्ध्यांना नुसती दिसायला तशी, आणि दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही. पण पण पण, तुला सोबत डिप्रेशन असेल, झोप नसेल, आणखी काही असेल तर त्याच्या गोळ्या लागू शकतात, म्हणून हे वाचून उद्या सकाळी एकही गोळी बंद करायची नाही. पुढच्या व्हिजिटला पाचही स्ट्रिप पिशवीत घालून घेऊन जा आणि डॉक्टरांना एकेक दाखवून विचार, ही कशासाठी, किती दिवस, बंद कधी करायची. हा प्रश्न विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि चांगला डॉक्टर त्याने चिडत नाही.

मुख्य उपचार बोलण्याचा आणि शिकण्याचा आहे. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो डीबीटीवर, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावनांची लाट सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी, आणि ती ज्या बाईंनी तयार केली त्यांची गोष्ट तुला सांगायलाच हवी. मार्शा लिनहॅन. १९६१ मध्ये १७ व्या वर्षी त्यांना अमेरिकेत हार्टफर्डच्या एका मानसोपचार संस्थेत ॲडमिट केलं, स्वतःला इतक्या वेळा इजा करत होत्या की एकांत खोलीत ठेवावं लागलं, शॉक झाले, औषधं झाली, निदान स्किझोफ्रेनिया लिहिलं गेलं, २६ महिने तिथे काढले. पुढे शिकल्या, सायकॉलॉजीत पीएचडी केली, सिॲटलला प्रोफेसर झाल्या, आणि १९९१ मध्ये डीबीटीचा पहिला मोठा अभ्यास छापला ज्यात स्वतःला इजा करण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा कमी झालं. २००६ मध्ये १०१ बायकांवर पुन्हा, या वेळी तुलना अनुभवी थेरपिस्टशी, तरी डीबीटीच्या गटात आत्महत्येचे प्रयत्न निम्मे. आणि २०११ मध्ये, वय ६८, त्या हार्टफर्डच्या त्याच संस्थेत परत गेल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी इथे पेशंट होते. ‘माझ्यासारखीचं काही होणार नाही’ असं लिहिलंयस ना, म्हणून सांगितलं.

लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांची दुसरी पद्धत आहे, मेंटलायझेशन, म्हणजे माझ्या मनात आणि समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा थांबून अंदाज घेणं. त्यांनी ४१ पेशंटना आठ वर्षांनी पुन्हा गाठलं तेव्हा या पद्धतीच्या गटात आत्महत्येचा प्रयत्न केलेले २३ टक्के होते, नेहमीच्या उपचारवाल्या गटात ७४ टक्के.

आता तुझ्या दीड तासाचं आणि पैशांचं. टोरांटोत २००९ मध्ये १८० लोकांवर डीबीटीची तुलना केली गेली ती एका साध्या पण शिस्तीच्या उपचाराशी, आठवड्यातून एक सेशन आणि बीपीडी समजणारा सायकिॲट्रिस्ट. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. माझ्यासाठी ही फार मोलाची बातमी आहे, कारण आपल्याकडे पूर्ण डीबीटी, म्हणजे दर आठवड्याला वैयक्तिक सेशन, वेगळा स्किल्सचा ग्रुप, मधल्या वेळात फोन, हे बहुतेकांना परवडणारं नाही आणि सापडणारं पण नाही. तेव्हा ‘डीबीटी सर्टिफाइड’ कोणी मिळेपर्यंत थांबू नकोस. असा एक माणूस शोध जो तुझ्या निदानाला घाबरत नाही, ठरलेल्या दिवशी भेटतो आणि वर्षभर सोडत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत आधी विचार, आणि दीड तासाचा प्रवास महिन्यातून एकदा करून बाकी सेशन व्हिडिओवर होतील का ते पण विचार.

तोपर्यंत डीबीटीतली एक गोष्ट लगेच करून बघण्यासारखी आहे. लाट अंगावर आली, आता काहीतरी करून बसणार असं वाटलं, की मोठ्या पातेल्यात गार पाणी घे, वाकून, श्वास रोखून, डोळ्यांखालचा भाग बुडेल इतका चेहरा १५ ते ३० सेकंद त्यात धर. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर आपोआप हृदयाचे ठोके कमी करतं, त्याचाच उपयोग करायचा. प्रॉब्लेम सुटत नाही याने, फक्त पुढची काही मिनिटं मिळतात. हृदयाचा त्रास असेल, खाणंपिणं अगदी कमी झालं असेल किंवा ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नकोस.

आणि त्या मिळालेल्या मिनिटांत काय करायचं ते आजच, डोकं शांत असताना, एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटव. पहिलं नाव ज्याला फोन करायचा, ते उचलत नसेल तर दुसरं नाव, आणि तिसऱ्या ओळीत १४४१६, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, २४ तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. गोळ्यांचा डबा त्या कपाटात ठेवू नकोस, घरात ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडे दे आणि रोजच्या रोज मागून घे. मला पुढच्या महिन्यात परत लिही, दोनच ओळी लिही, पण लिही.